न नेलेले फोटो

६ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद नेहमीचेच, ते काही संपत नाहीत. या वेळी मात्र काम आहे म्हणून लिहितेय.

परवा सकाळी आपला संगणक गेला. आधी आतून किरकिर आली, मग पडदा काळा. दुरुस्तीवाल्याने दोन दिवस ठेवून घेतला आणि चालू करून आणून दिला. जाताना म्हणाला, "बाई, आत्ता उठून बसलाय, पण याचा काही भरवसा धरू नका."

तुला ठाऊकच आहे त्यात काय आहे ते. तुझ्या भावजींनी जन्मभर गावातल्या लोकांचे फोटो काढून कागदावर छापून दिले, घरचे मात्र "गिऱ्हाइकांचं होऊ दे, मग आपलं" म्हणत म्हणत सगळे संगणकातच राहिले, जुन्या निगेटिव्हसुद्धा त्यातच उतरवून टाकून दिल्या. चिमणीचा भिंतीवरचा एवढा एक फोटो सोडला तर तिची सगळी नऊ वर्षं त्या डब्यात आहेत. आणि तो दात पडल्यावरचा व्हिडिओ, शिट्टी वाजवायला जाते आणि नुसता वारा सुटतो तो. मुलगी जाऊन बारा वर्षं झाली. तिला दुसऱ्यांदा घालवायची माझी ताकद नाही.

दुकानात गेले तर दुकानदाराने तीन गोष्टी पुढे ठेवल्या. एक छोटी डिस्क, संगणकाला वायरने जोडायची. दुसरी पेटी, बिनवायरची, घरातल्या वायफायवरून आपली आपण नक्कल करून घेते म्हणे. तिसरं म्हणजे सगळं इंटरनेटवर दुसऱ्या कोणाच्या तरी यंत्रात ठेवायचं. तिसरं मी लगेच नाही म्हटलं. चिमणीला परक्याच्या घरी ठेवायला जीव होत नाही. छोटी डिस्क आणून पाहिली, पण हे रोज संध्याकाळी घरातली प्रत्येक वायर काढून गुंडाळून ठेवतात. स्टुडिओ बंद करतानाची सवय. डिस्कची वायरही सुबक वेटोळं करून खणात. आता एखादा माणूस इतका टापटिपीचा निघाला तर बायकोने तक्रार तरी कशी करायची?

तू तिकडे बेटावर बसून जगाला वाऱ्याचा वेग सांगतोस, तर बहिणीला एवढं सांग. बोट परत यायच्या आत उत्तर लिहून ठेव.

तुझी ताई


२४ मार्च

ताई,

बोट सकाळी आली. पिठाची पोती उतरवायच्या आधी मी टपालाची पिशवी उघडली म्हणून आमचे साहेब रागावलेत, तेव्हा या पत्राची किंमत ओळख. इथलं इंटरनेट हवेचा दाब आणि वाऱ्याचे आकडे पाठवण्यापुरतंच. बहिणीची विचारपूस त्या यादीत बसत नाही.

पेटीच घे. बिनवायरची. भावजींच्या वेटोळ्यांवर तोच उपाय. पण बिनवायरची म्हणजे विजेशिवायची नव्हे हो, एक वायर तिला लागणारच. ती कपाटामागून ने, म्हणजे त्यांच्या हाती लागणार नाही.

दोन डिस्क बसतात अशी घे. एक बिघडली तर दुसरीवर तेच सगळं असतं. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे त्यात 'जुन्या प्रती ठेवा' असं एक बटण असेल, ते चालू ठेव. चुकून काही पुसलं गेलं, तरी पेटीकडे आधीची प्रत राहते. पहिली नक्कल वायर जोडून कर, नाहीतर वायफायवरून मुंगीने साखर वाहून नेल्यासारखं चालेल. नंतरचं रोजचं थोडंथोडं बिनवायरचं होईल.

भावजींची टापटीप मला नवी आहे का? शाळेच्या सुट्टीत त्यांच्या हाताखाली मी किती बोलणी खाल्लीत. ती पाटी आठवते? 'वर्षभरात न नेलेल्या फोटोंची जबाबदारी आमची नाही.' पण वर्षाच्या आत कोणाच्या फोटोला हात लावला तर माझा कान पिळायचे. "नेला की गिऱ्हाइकाचा. नाही नेला तर वर्षभर आपला, जपायचा." आणि वर्ष उलटलं की स्वतः खण उघडून एकेक पाकीट बघत फाडायचे. तेव्हा मात्र दयामाया नाही.

मोसम संपला की येतोच. मग पेटीही बघतो आणि तुम्हा दोघांनाही.

धाकटा


१६ एप्रिल

धाकट्या,

घेतली बाबा पेटी. दिसायला पावाच्या लादीएवढी, काळी, पुढे एक निळा दिवा. आता हसू नकोस, आधी ऐक.

एवढी मोलाची वस्तू उघड्यावर कशी ठेवायची, म्हणून मी ती लोखंडी कपाटात ठेवली. विजेची वायर फटीतून आत घेतली आणि कुलूप लावून किल्ली कमरेला. दोन दिवस संगणक एकच सांगत होता, पेटी सापडत नाही. मी त्याला म्हटलं, सापडू नये म्हणूनच ठेवलीय. शेवटी दुकानदार घरी आला. कपाट बघून खुर्चीतच बसला. म्हणाला, "बाई, लोखंडातून वायफाय जात नाही. तुम्ही हिला तुरुंगात घातलंय." आता ती दाराजवळ चपलांच्या फळीवर आहे, वायफायच्या यंत्राशेजारी. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो, मी कुलूप लावून प्यायला गेले.

पहिली नक्कल वायरने झाली. तू म्हणालास ते बटणही चालू आहे.

ह्यांना पेटी आवडली. निळा दिवा लुकलुकला की बघत बसतात. आणि एक चांगली गोष्ट म्हणजे जेवण झालं की ते आता रोज संगणकापुढे बसतात. घरचे सगळे फोटो काढून बघतात, इकडचे तिकडे लावतात, छाटणी करतात. बाहेर फारसे जात नाहीत, थकलेत जरा, वय झालं. पण त्या खुर्चीत बसले की पाठ ताठ होते. परवा मी चहा घेऊन गेले तर उठून उभे राहिले आणि मला म्हणाले, "तुम्ही बसा ना." आयुष्यभर 'अगं ए' ऐकल्यावर आता कुठे मान मिळाला म्हणायचा!

पण इतकं हलवाहलव करतात की पेटी भरत आली. गेल्या आठवड्यापासून निळ्याच्या जागी लाल दिवा लागलाय आणि मधूनच टीं टीं करते. भरली म्हणजे नवीन काही घेणार नाही ना? आता घोडं तिथे पेंड खातंय. काय करू?

ताई


४ मे

ताई,

तुझं पत्र इथे जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवलं. कपाटापाशी आलो तेव्हा आमच्या स्वयंपाक्याच्या नाकातून चहा बाहेर आला. तुला या बेटावर आता सगळे ओळखतात.

लाल दिव्याचं कारण सोपं आहे. भावजी एक फोटो इकडून तिकडे नेतात, त्याचं नाव बदलतात, तेव्हा पेटी जुनी प्रतही ठेवते आणि नवीही. एका फोटोच्या चार चार प्रती होतात. 'जुन्या प्रती ठेवा' हे बटण वेंधळ्या माणसांसाठी असतं, जे न बघता काहीतरी पुसून टाकतात. तुमच्याकडे तर छाटणी साक्षात भावजी करतायत. हजार फोटोंतून एक डोळा मिटलेला बरोबर शोधणारा माणूस! त्यांनी काढून टाकलेलं पेटीत तरी कशाला साठवायचं?

तेव्हा असं कर. ते बटण बंद कर आणि त्याच्या खालचं, 'संगणकासारखंच ठेवा' असं असेल, ते चालू कर. मग संगणकावर जे आहे तेच आणि तेवढंच पेटीत राहील. जागाही होईल, लाल दिवाही जाईल.

भावजींनी तुला 'तुम्ही' म्हटलं, याची नोंद मी इथल्या वहीत दुर्मिळ हवामान म्हणून करणार होतो. म्हातारपणी माणूस सुधारतो म्हणतात, ते खरं असावं.

एक वाईट बातमी. माझ्याबरोबरच्या गड्याला आजारपणामुळे परत पाठवलं, म्हणून मला आणखी काही महिने थांबावं लागेल. रागावू नकोस. भावजींना सांग, आलो की खण आवरायला मीच बसेन.

धाकटा


२५ मे

धाकट्या,

तू सांगितलंस तसं केलं. दुकानदाराला पुन्हा बोलवावं लागलं नाही, माझं मीच जमवलं. रात्रीतून पेटी मोकळी झाली. लाल दिवा गेला, निळा आला.

तू थांबलास ते बरंच केलंस. काम आहे तर करावं. इथे घाई काही नाही.

तू तीन वर्षांचा असतानाचा माझ्या कडेवरचा फोटो होता ना, गुडघा फुटलेला, तो बघावासा वाटला म्हणून शोधला. सापडला नाही. ह्यांनीच कुठेतरी लावला असेल.

बाकी ठीक.

ताई


१२ जून

ताई,

तुझं पत्र एका पानाचं होतं. तू एका पानात भांडणसुद्धा कधी संपवलेलं नाहीस.

मी ते तीनदा वाचलं. मग तुझी आधीची पत्रं काढून वाचली, आणि माझं हसू पार गेलं. घरातली प्रत्येक वायर रोज गुंडाळणं. बाहेर न जाणं. तुला 'तुम्ही' म्हणणं. तू विनोद करून लिहिलंस म्हणून मी विनोद म्हणून वाचलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ताई, माझ्यासमोर कसली मूठ झाकतेस? भावजी कसे आहेत, खरं सांग.

आणि हे आधी कर, पत्र हातात घेऊन उभ्या उभ्या कर. पेटीची विजेची वायर काढ. कुठलंही बटण शोधत बसू नकोस, सरळ वायर काढ. तो गुडघ्याचा फोटो भावजींनी दुसरीकडे लावला असेल तर उत्तमच. पण पुसला असेल तर मी सांगितलेल्या बटणाने पेटीनेही तो पुसला असणार. तिचं कामच ते, संगणक करील तसंच करायचं.

मी साहेबांकडे खास परवानगी मागितली की एकच निरोप पाठवू द्या. ते म्हणाले, जिवावरचं आहे का? मला हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना, तेव्हा निरोप राहिलाच.

बोट चार दिवस उशिरा सुटणार आहे. वारा वाईट आहे, आणि तो किती वाईट आहे ते मलाच रोज मोजून लिहावं लागतंय.

धाकटा


३ जुलै

धाकट्या,

तुझं पत्र आलं तेव्हा उशीर झाला होता. तरी तू सांगितलंस म्हणून वायर काढली. आता सगळं लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहायची नाही.

गेल्या हिवाळ्यात हे दुकानात गेले आणि परतीचा रस्ता विसरले. पोस्टमनने हाताला धरून घरी आणलं. डॉक्टरांनी सांगितलं, हा विसरण्याचा आजार आहे, उतरत जाणार, औषधाने फार तर वेग कमी होईल. मी कोणाला सांगितलं नाही. ज्या माणसाला गाव 'मास्टर' म्हणत होतं त्याला 'बिचारा' म्हणू लागतील, ते मला सोसवलं नसतं. तुला सांगितलं असतं तर तू नोकरी सोडून आला असतास. म्हणून मी पत्रातून चेष्टा करत राहिले. तू फसलास यात तुझी चूक नाही. मी फसवत होते आणि मला ते चांगलं जमतं.

डॉक्टर म्हणाले होते, हाताला सवयीचं काम देत राहा. त्या खुर्चीत बसले की ते खरोखर पहिल्यासारखे दिसायचे. मी दार लोटून घेऊन माझी कामं करायचे. काय करतात ते आत जाऊन पाहिलं नाही. मला वाटलं, माझा नवरा निदान दुपारपुरता तरी त्या खोलीत परत येतोय, तर मध्ये कशाला जा.

गेल्या सोमवारी मी शेजारी जाऊन बसले. पडद्यावर मी होते. लग्नानंतरची, स्टुडिओतल्या त्या गोल स्टुलावर, केसात फूल, तोंड फुगवलेलं. ह्यांनी जरा निरखून पाहिलं आणि बटण दाबलं. फोटो गेला. पुढचा आला, त्यातही मीच.

मी विचारलं, "काय चाललंय?"

"जुना माल काढतोय. वर्ष कधीच उलटून गेलं, न्यायला कोणी आलं नाही."

"पण ह्या कोण?"

"कोण जाणे. या बाईंचे ढिगाने फोटो निघालेत बघा. हौस दांडगी! पण एकदाही न्यायला आल्या नाहीत."

आणि दाबलं बटण. मी हाताएवढ्या अंतरावर बसले होते रे.

माझ्या डोळ्यांपुढे चिमणी आली. म्हटलं, ही छाटणी जेवण झाल्यावर रोज चाललीय, महिनोन् महिने. ते झोपल्यावर मी सगळं उघडलं. घाईत दोन वेळा भलतंच उघडलं. तू नाहीस. तुझा गुडघा नाही. सासूबाई नाहीत, सासरे नाहीत, आमचं लग्न नाही, शेजारचे पाजारचे कोणी नाही. पेटीत बघितलं तर तिथेही तेच. इमानदार पेटी, मालकाने टाकलं ते तिनेही टाकलं.

आणि चिमणी? चिमणी आहे. सगळीच्या सगळी आहे. एकही फोटो हललेला नाही, शिट्टीसुद्धा आहे. तिची वर्षं लावून, महिने लावून असे ओळीने ठेवलेत की स्टुडिओ जोरात होता तेव्हाही इतकं नीट काम मी बघितलं नव्हतं. त्यांना ती ओळखू येते. फक्त तीच येते.

ती आणि मी एकत्र होतो असे पुष्कळ फोटो होते. ते त्यांनी कापलेत. मागे कोणी परकी बाई आली म्हणून कडेने कापून टाकलेत, तेही किती सफाईने. एकात चिमणीच्या डोक्यावर नुसता एक हात राहिलाय. तो काढला असता तर तिचे केस कापले गेले असते, म्हणून ठेवला असणार. तो हात माझा आहे.

मी देवाकडे, डॉक्टरकडे, दुकानदाराकडे, तुझ्याकडे, सगळ्यांकडे एकच मागितलं होतं की चिमणीला काही होऊ नये. ते मिळालं. मग मला रडू का येतं ते सांग.

ताई


२२ जुलै

ताई,

पत्र वाचून मी बाहेर जाऊन उभा राहिलो. वाऱ्याची नोंद आज पहिल्यांदा चुकली. साहेबांनी विचारलं तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी माझी वही घेतली आणि नोंद स्वतः भरली.

'संगणकासारखंच ठेवा' हे मी सांगितलं. तू म्हणशील की तूच लपवलंस. दोघांनी वाटून घेऊ. पण दुरून डोंगर साजरे दिसतात हे रोज डोंगरावर चढून यंत्रं वाचणाऱ्याला तरी कळायला हवं होतं.

आता कामाचं. संगणक बंद ठेव, त्यावर नवीन काहीही करू नकोस. पेटी आणि संगणक दोन्ही दुकानदाराकडे दे आणि पुसलेलं परत काढणारा कारागीर शोधायला सांग. थोडंफार निघतं, सगळं निघेल असं खोटं सांगत नाही. चिमणीचं सगळं एका साध्या वायरच्या डिस्कवर घे, आणि ती डिस्क काढून तुझ्या त्या लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेव. तुरुंगात ठेवायची वस्तू ती. मग दुकानदाराला सांगून भावजींच्या संगणकावर असं कुलूप घालायला लाव की बघता येईल पण काही पुसता येणार नाही.

माझ्याकडे तुझा फोटो नाही. होता तो मोबाइलमध्ये होता आणि तो मोबाइल पहिल्याच मोसमात पाण्यात गेला, तेव्हा म्हटलं, भावजींकडे सगळे आहेतच. आपण सगळेच असं म्हणत राहिलो बहुतेक.

मी येतोय. बदली माणूस आला की त्याच बोटीने. भावजी मला ओळखणार नाहीत हे मला कळलंय. त्यांच्यासमोर कसं जायचं तेवढं लिहून कळव.

धाकटा


१४ ऑगस्ट

धाकट्या,

कारागिराने आठवडाभर खटपट केली. थोडे फोटो निघाले. बरेचसे अर्धेच आहेत, वर कपाळ आणि डोळे, खाली नुसता राखाडी पट्टा. तुझा गुडघा निघाला, तू नाही निघालास. माझा अख्खा असा एकही नाही. जे मिळालं ते ठेवून घेतलंय.

चिमणी कपाटात आहे, कुलपात. पेटीत मोठ्या डिस्क बसवल्या आणि जुन्या प्रती ठेवायचं बटण पुन्हा चालू केलं. आता लाल दिवा लागला तर लागू दे.

ते दुसरं कुलूप मात्र मी काढून टाकलं. दुकानदाराने घातलं होतं. दुपारी हे बसले, बटण दाबलं, फोटो गेला नाही. पुन्हा दाबलं. मग स्वतःची बोटं उलटीसुलटी करून बघितली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मला कामावरून काढलंय का? मला कोणी सांगितलं नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. लगेच दुकानदाराला बोलावून ते काढायला लावलं. पुसू देत. ते पुसतात ते आता पेटी जपते, आणि त्यांना काम आहे असं वाटतं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

गेल्या आठवड्यात मला एक गोष्ट सुचली. तुझ्याच पत्रामुळे, ती पाटीची आठवण लिहिली होतीस ना. दुपारी मी चांगले कपडे घातले, केस विंचरले, मागच्या दाराने बाहेर पडले आणि पुढच्या दाराची घंटी वाजवली. ह्यांनी दार उघडलं. मी म्हटलं, "फोटो काढायचाय."

तू बघायला हवं होतंस. कॉलर सारखी केली. "या, या" म्हणाले. खिडकीपाशी स्टूल ठेवलं, पडदा अर्धा ओढला, कॅमेरा कपाटातून स्वतः काढला. कुठे ठेवलाय ते मला ठाऊक नव्हतं, त्यांना होतं. "हनुवटी जरा खाली. डावा खांदा सैल सोडा. तोंड फुगवू नका." लग्नानंतर पहिल्यांदा त्या स्टुलावर बसले होते तेव्हाही हेच म्हणाले होते. मी हसले, आणि त्यांनी नेमकं तेव्हाच बटण दाबलं.

मग संगणकावर घेतला. विचारलं, "नाव काय लिहू?"

मी म्हटलं, "चिमणीची आई लिहा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता, आता आठवेल. म्हणाले, "काय सांगता! आमच्या मुलीलाही आम्ही चिमणीच म्हणतो."

"हो का?" मी म्हटलं. "कशी आहे?"

"गुणाची आहे. शिट्टी येत नाही अजून." आणि मग जपून एकेक अक्षर शोधत त्यांनी फोटोला नाव दिलं. 'चिमणीची आई. न्यायला येतील.'

"चार दिवसांनी या," म्हणाले. मला दारापर्यंत सोडायला आले. मी घराला वळसा घालून मागच्या दाराने आत आले आणि त्यांच्यासाठी चहा ठेवला.

चार दिवस झाले. मी गेले नाही. रोज ते झोपल्यावर उघडून बघते. घरात इतकी छाटणी चालते, पण त्या फोटोला हात लावलेला नाही. काल चहा पिताना दाराकडे बघून मला म्हणाले, "त्या बाई आल्या नाहीत हो अजून. चांगला आलाय त्यांचा फोटो." मी म्हटलं, "येतील, अडल्या असतील कुठेतरी." तर म्हणाले, "येऊ देत सावकाश. वर्ष कुठे झालंय? तोवर आपण जपायचा."

म्हणून मी न्यायला जाणार नाही. वर्ष भरत आलं की पुन्हा घंटी वाजवीन आणि नवीन काढून घेईन.

तू येशील तेव्हा थेट आत शिरू नकोस, पायाही पडू नकोस, ते घाबरतात. पुढच्या दाराने ये, घंटी वाजव, फोटो काढायचाय म्हण. स्टुलावर नीट बस, ते सांगतील तशी हनुवटी खाली घे. नाव विचारलं तर काहीही सांग. आणि 'चार दिवसांनी या' म्हणाले की हो म्हण, पण न्यायला मात्र जाऊ नकोस.

तुझी ताई